देवाच्या बारीचा आवाज

आक्काबाईंना ऐकू येईनासं झालंय, असं मारुतरावांनी ठरवून टाकलं, त्याला आता चार वर्षं होत आली. मारुतरावांनी ठरवलं म्हणजे ठरलं. ते हॉलमधून पाणी मागायचे आणि आतून नुसता भांड्यांचा आवाज यायचा. चहात साखर कमी पडलीय म्हणायचे, की आक्काबाई दारात येऊन विचारणार, "काय म्हनला?" एकदा नाही, दोनदा नाही, दर वाक्याला. पुढं पुढं तर मुलगा जयदीपही "काय बाबा?" करायला लागला. मग भाजीवाला करायला लागला, न्हावी करायला लागला. सगळ्या चिखलीला एकदम बहिरेपणाची साथ आली, हे मारुतरावांना पटत होतं. आपलाच आवाज बसलाय, हे मात्र काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. नाचता येईना, अंगण वाकडं!

पण त्यांना तरी किती बोल लावायचा? ज्याचं उभं आयुष्य आवाजावर गेलं, त्याला कसं सुचणार की आवाजच दगा देईल म्हणून?

आमच्याकडं घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ता नव्हे. बैलगाडे पळवायची चढाची धाव असते, तिला घाट म्हणतात. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, त्याच्यापुढं घोडी उधळते, वरच्या टोकाला निशाण पडलं की त्या गाड्याची खेप, म्हणजे बारी, संपली. सगळा खेळ डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा. तेवढ्यात माइकवरचा माणूस जे बोलतो, त्यानं बारी लोकांच्या ध्यानात राहते. आणि चिखलीपासून चाकणपर्यंत माइकवरचा माणूस म्हणजे मारुतराव. आठवडाभर आकुर्डीच्या कंपनीत स्कूटरच्या लाइनवर उभं राहायचं, आणि यात्रांच्या दिवसांत सुट्टी मिळाली की घाट गाठायचा. कोणता गाडा कुणाचा, कुणाच्या आज्याच्या नावानं पळतो, डावीकडचा बैल कुठल्या बाजारातला, सगळं तोंडपाठ. गाडा निशाणाखालून गेला की त्यांची ती आरोळी उठायची, "गेलाऽऽ रे गेलाऽऽ!" तेव्हा तळवड्याकडं सगळी शेतंच होती, मध्ये अडवायला इमारत म्हणून नव्हती. इंद्रायणीच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका हातातलं धुणं थांबवून ऐकायच्या म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना सगळे हेच सांगतात.

एक बाई मात्र नक्की ऐकायची. त्या काळी बायकांनी घाटावर जायची रीत नव्हती. घरोघर पाहुण्यांच्या पंगती असायच्या, आणि बायका पुरणाच्या धुरात. आक्काबाईंनी नवऱ्याला माइक हातात धरलेलं कधी पाहिलं नाही. पण मागच्या पडवीत पोळ्या लाटता लाटता त्या सगळी यात्रा कानांनी बघायच्या. "गेला" नुसतं म्हटलं तर गाडा बेताचा पळाला. लांबवलं तर चांगला. आणि श्वास संपेतो ओढलं, तर आता पहिल्या आलेल्या गाड्याच्या मालकासकट सगळी वरात जेवायला येणार, कणीक वाढवून मळा. माइक थांबला की तवा चढवायचा. शेजारणी आक्काबाईंनाच विचारायच्या, काय झालं गं घाटात? आणि त्या हातातलं लाटणं न थांबवता सांगायच्या.

मग शर्यतींवर बंदी आली. काही वर्षं घाटात नुसतं गवत माजलं. शेतं गेली, शेतांच्या जागी वर्कशॉपं आली, मारुतरावांनीही जुनं घर पाडून तीन मजले चढवले. खालच्या खोल्यांत लातूर-बीडकडची पोरं भाड्यानं राहतात, शिफ्टला जातात. कोर्टानं पुन्हा परवानगी दिली, घाट पुन्हा गजबजले, पण तोवर माइक नव्या पोरांच्या हातात गेला होता. त्यांचा गाण्यांचा दणदणाट वेगळा, बोलणं वेगळं. मारुतराव घरी बसून नाक मुरडायचे. आणि नेमक्या त्याच सुमारास आक्काबाई बहिऱ्या झाल्या.

तर एक दिवस मारुतरावांनी बायकोला चिंचवडला कानाच्या डॉक्टरणीकडं नेलंच. आक्काबाई एका शब्दानं नाही म्हणाल्या नाहीत. डॉक्टरणीनं त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठाले हेडफोन चढवले आणि समजावलं, की आवाज आला की हात वर करायचा. मारुतराव काचेबाहेर विजयी मुद्रेनं बसले. आत आक्काबाईंचा हात वर गेला. पुन्हा गेला. आवाज बारीक बारीक होत गेला तरी हात जातोच आहे वर. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, या वयाला असे कान मी पाहिले नाहीत. मारुतरावांनी लगेच सांगायला सुरुवात केली, की अहो मॅडम, घरी हिला एक शब्द ऐकू येत नाही.

डॉक्टरीण पुढं वाकून म्हणाली, "काय म्हणालात?"

मग तिची नजर त्यांच्या गुडघ्यावरच्या डाव्या हाताकडं गेली. अंगठा आणि बोट आपसूक एकमेकांवर फिरत होते, तंबाखू मळावी तसे. तिनं त्यांना उठून दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं, आणि एका दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. परत येताना रिक्षात आक्काबाईंनी तो हात आपल्या हातात धरून ठेवला. त्यांना तो आधीच दिसला होता. पावलं आखूड पडायला लागलेली दिसली होती, चेहरा दगडासारखा झालेला दिसला होता. बोलल्या नव्हत्या, कारण बोलायला भीती वाटत होती.

पार्किन्सन हा शब्द मारुतरावांनी घरी येऊन दोन-तीनदा म्हणून पाहिला. गोळ्या सुरू झाल्या, वेळेवर घ्यायच्या. हाताची थरथर थोडी आवरली, पण मनाचं काय? गावात निघाले की लोक विचारायचे, आबा, रागावलाय का? चेहरा हलत नाही, त्याला ते तरी काय करणार! उंबरा आला की पाय जमिनीला चिकटायचे. मागून माणसं खोळंबायची. मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. ज्या माणसाला घाटात हजार माणसं ऐकायची, तो भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. आक्काबाईंच्या जिवाला घोर लागला.

मग आक्काबाईंनीच जयदीपला कामाला लावलं. आकुर्डीला स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी असे आजारी लोक जमतात, व्यायाम करतात, गाणी म्हणतात, असं त्यानं शोधून काढलं. मारुतराव पहिल्या शनिवारी तोंड वाकडं करून गेले. सगळे टाळ्या वाजवताहेत, चेंडू फेकताहेत, मोठ्यानं आ करून दाखवताहेत. म्हातारपणी बालवाडी, असं त्यांनी परत येताना जयदीपला सुनावलं. पण तिथं एक गोष्ट झाली होती. चहाच्या वेळी त्यांच्या हातातला कप बशीवर खडखडला, तेव्हा कुणीही वळून पाहिलं नाही, कारण सगळ्यांच्याच बशा वाजत होत्या. पुढच्या शनिवारी ते स्वतःहून चपला शोधायला लागले.

तिथं साबिया नावाची मुलगी आवाजाचे व्यायाम घ्यायची. तिनं त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगितली. "काका, तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल, तेव्हा लोकांना बोलल्यासारखं ऐकू येईल. तुमचा काटा बिघडलाय. स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवू नका, समोरच्याच्या ठेवा."

समोरचा म्हणजे आक्काबाई. रोज सकाळी गच्चीवर मारुतराव एका टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, आणि आक्काबाई दुसऱ्या टोकाला मेथी निवडत. खाली वर्कशॉपातल्या प्रेसची धडधड सुरू झालेली. मारुतराव जुन्या गाड्यांची नावं पुकारायचे. काचेच्या खोलीतला तोच खेळ. ऐकू आलं की आक्काबाई मेथीची जुडी धरलेला हात वर करायच्या. नाही आलं की मान खाली, पानं खुडत बसायच्या. दया-माया नाही. पहिल्या दिवशी मारुतराव चिडून खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आले. जाणार कुठं?

हळूहळू हात वर जायला लागला. आणि गाड्यांची नावं घेता घेता एकेक माणूस आठवायचा. भोसरीकडचा तो पांढऱ्या फेट्याचा, बैलाला स्वतःच्या ताटातलं भरवणारा. घोडीवरून पडूनही हसत उठणारा एक पोऱ्या, तो आता दोन नातवंडांचा आजोबा. नाव घेऊन झालं की मारुतराव त्याची गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट ऐकायची म्हणून आक्काबाई जवळ सरकायच्या. मग त्यांच्या लक्षात यायचं, की आपण लांब बसायचं आहे. पुन्हा मागं सरकायच्या.

चैत्रातली यात्रा जवळ आली तसा सिद्धेश घरी आला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष, वय तिशीच्या आत, स्वभावानं चांगला, पण सगळीकडं घाई. आमच्या यात्रेत पहिली बारी देवाची असते. भैरवनाथाच्या नावानं एक गाडा पळतो, त्याला घड्याळ लावत नाहीत, आणि ती बारी गावातल्या जुन्या माणसानं पुकारायची. या वर्षी तो मान मारुतआबांचा, असं सिद्धेशनं सांगितलं. मारुतराव खुर्चीत सरसावून बसले. पण सिद्धेशचं बोलणं संपलं नव्हतं.

"आबा, तुमी नुसतं बसायचं. फेटा, हार, सगळं हाय. तुमचा आवाज आपण रहिमानचाचांच्या जुन्या कॅसेटमधनं काढून घेतलाय, पेन ड्राइव्हवर. तुमाला तरास नको."

"जित्या माणसाच्या फोटोला हार घालतोयस व्हय रं?" मारुतराव म्हणाले.

सिद्धेश पुढं वाकला. "काय आबा?"

मारुतरावांनी पुन्हा सांगितलं नाही. त्याला ते काय सांगणार? सिद्धेश पाया पडून निघून गेला आणि ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. मग त्यांनी रहिमानभाईंना बोलावणं धाडलं. रहिमानभाई म्हणजे घाटाचा माइक. सायकलच्या कॅरिअरला भोंगा बांधून फिरायचे तेव्हापासून मारुतरावांच्या शेजारी मशीन घेऊन बसलेले. आता मुलगा तौसिफ सगळा धंदा बघतो, पण यात्रेला ते स्वतः येतात. मारुतरावांनी त्यांच्याकडून शब्द घेतला. मी मान हलवल्याशिवाय कॅसेट लावायची नाही, आणि मशीनचा आवाज नेहमीपेक्षा काडीभर वाढवायचा नाही. रहिमानभाई म्हणाले, कबूल. जाताना जिन्यात थांबून त्यांनी डोळे पुसले, ते जयदीपनं पाहिलं.

मग काय, गच्चीवर दोन वेळा तालीम सुरू झाली. शनिवारी आकुर्डीच्या हॉलमध्येही मारुतराव देवाची बारी पुकारून दाखवायचे, आणि ज्यांनी जन्मात बैलगाडा पाहिला नव्हता ते निवृत्त बँकवाले आणि प्रोफेसर "गेलाऽऽ" म्हणून साथ द्यायचे. त्यातल्या दोघांच्या बायका तर म्हणे घरीही वैतागल्या होत्या.

पण घोडामैदान जवळ आलं की खरी गोष्ट कळते. यात्रेच्या आदल्या दिवशी, घरात पाहुणे उतरायला लागलेले, मारुतराव दमलेले, आणि गच्चीवर आवाज निघेचना. आक्काबाईंचा हात एकदाही वर गेला नाही. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि पुटपुटले, "सिद्धेशला सांग, कॅसेटच लाव म्हनावं."

आक्काबाईंना हरभऱ्याची डाळ भिजवायची होती, त्या उठून खाली गेल्या. ही खरंच बहिरी असती तर बरं झालं असतं, असं मारुतरावांना त्या घटकेला वाटलं.

सकाळी रहिमानभाई स्वतः न्यायला आले, पांढरा सदरा, डोळ्यांत सुरमा. एवढ्या जुन्या दोस्तापुढं येत नाही म्हणायला मारुतरावांची जीभ उचलली नाही. जाऊन बसू, हार घालून घेऊ आणि परत येऊ, असं मनाशी धरून त्यांनी फेटा बांधून घेतला. निघताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, तर शेजारच्या शालनबाई पुरण घाटत होत्या. आक्काबाई कुठं दिसल्या नाहीत.

घाटावर ही गर्दी! माइकचं स्टेज वरच्या टोकाला, निशाणाच्या जरा अलीकडं. त्याच्या पायरीशी मारुतराव आले आणि पाय जमिनीला चिकटले. पुढं पायरी, मागं माणसं, आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावर. जयदीप हात धरायला धावला. रहिमानभाईंनी त्याला खुणेनं थांबवलं, माइकची काळी वायर ओढून मारुतरावांच्या पावलांपुढं आडवी टाकली, आणि उभी हयात जे बोलत आले तेच खेकसून बोलले, "वायरीवर पाय देऊ नका, मारुतराव, तुटंल!"

मारुतरावांचा पाय आपोआप उचलला गेला. वायर ओलांडून पायरीवर, तिथून वर. बसल्यावर त्यांनी रहिमानभाईंकडं पाहिलं, तर ते मशीनमध्ये डोकं घालून बसलेले.

हार झाला, नारळ झाला, माइक हातात आला. मारुतराव बोलले, "श्री भैरवनाथाच्या नावानं चांगभलं. देवाची बारी." लोक आपापसात बोलतच होते. पुढची पोरं मोबाइल धरून उभी होती, ती एकमेकांकडं बघायला लागली. सिद्धेशनं रहिमानभाईंकडं पाहिलं. रहिमानभाईंचं बोट बटनावर होतं, आणि डोळे मारुतरावांवर. मारुतरावांची मान हलायला आलीच होती.

तेवढ्यात त्यांना समोर, धावेच्या पलीकडं, आक्काबाई दिसल्या.

भिमाजी निशाणवाल्याच्या शेजारी, जयदीपनं टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर हात. जन्मात पहिल्यांदा घाटावर. सगळ्या पुरुषांच्या गर्दीत ती एक हिरवी साडी, आणि नजर गच्चीवर असायची तश्शी. हात मांडीवरच.

मारुतरावांनी माइक तोंडाजवळ ओढला. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" काही लोक गप्प झाले. हात मांडीवरच. काय बाई आहे ही! त्यांचं पित्त खवळलं. त्यांनी पोटात श्वास ओढला, ओरडल्यासारखं वाटेल तिथवर आवाज नेला, आणि त्याच्याही पलीकडं नेला.

"चांगभलंऽऽ! देवाची बारी हायऽऽ! गाडा तयार हाय का खालीऽऽ?"

आक्काबाईंचा हात वर गेला. सरळ, बांगड्या कोपरापर्यंत खाली.

आता घाटाचा एक नियम आहे. वरच्या टोकाला वाट मोकळी आहे, हे निशाणवाल्यानं हात वर करून सांगायचं, मगच खाली गाडा सोडायचा. भिमाजी बिचारा निशाण काखेत धरून मारुतरावांकडं बघत राहिला होता. पण खालच्यांना लांबून काय दिसणार? निशाणाच्या जागी हात वर गेला, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी गाडा सोडला.

घोडी उधळली, मागं चार बैल. पुढची पोरं मोबाइलसकट बाजूला पळाली. मारुतरावांना आता घाबरायला सवडच उरली नाही. "आला, आला, आलाऽऽ! देवाचा गाडा, चिखलीचा गाडा, वाट सोडा रेऽऽ!" डावा हात थरथरत होता तो थरथरू दिला. भिमाजीनं कसंबसं निशाण काढून खाली टाकलं, गाडा धूळ उडवत निघून गेला, आणि मारुतरावांनी "गेलाऽऽ" ओढलं, श्वास संपेतो. शेवटी आवाज चिरकला. तोवर सगळ्या घाटानं तो उचलला होता. म्हाताऱ्यांनी उचलला, आणि ज्यांना तो कधीच माहीत नव्हता त्या पोरांनीही उचलला.

रहिमानभाईंनी पेन ड्राइव्ह काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. मारुतरावांनी माइक नव्या पोराकडं दिला. एक बारी पुकारली, बास झालं, असं त्यांनी हातानंच सांगितलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मारुतराव हॉलमध्ये पाय सोडून बसले होते, फेटा मांडीवर. चेहरा नेहमीसारखाच दगडी, पण आक्काबाईंना त्यातलं हसू आता वाचता येतं. त्यांनी दिवसभर राखून ठेवलेला प्रश्न विचारला, की तिसऱ्या वेळेलाच ऐकू आलं का? पहिल्या दोन वेळा एवढा बारीक होता का आवाज?

आक्काबाई ताटं पुसत होत्या. "पहिल्यांदाच आलं व्हतं की. माइक हाय, न येयाला काय झालं?"

"मग हात का न्हाई वर केला?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "चाळीस वर्सं पडवीत बसून जो आवाज ऐकला, तो न्हवता तो. मला तो पायजे व्हता. तेवढ्यावं भागवायचं न्हवतं मला."

मारुतरावांनी मांडीवरचा फेटा बाजूला ठेवला. खाली भाड्याची पोरं रात्रपाळीला निघाली होती, जिन्यात "गेलाऽऽ" म्हणत एकमेकांना हसत होती. मग मारुतरावांनी चहा मागितला.

आक्काबाई समोरच होत्या, तीन हातांवर. त्यांनी मारुतरावांकडं पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

मारुतरावांनी श्वास घेतला आणि पुन्हा मागितला, मोठ्यानं.